साडेतीन कोर

साडेतीन कोरची केबल करवतीने कापून तिचं तोंड पाहिलं की तीन जाड पाकळ्या दिसतात आणि त्यांच्यात दबून बसलेली एक बारकी. लाल, पिवळी, निळी या फेज: आर, वाय आणि बी. काळी बारकी म्हणजे न्यूट्रल. सत्तर चौरस मिलिमीटरच्या केबलला पस्तीसचा न्यूट्रल, पंचाण्णवला पन्नासचा, दोनशेचाळीसला एकशेवीसचा, तीनशेला दीडशेचा. डिप्लोमा संपवून मी वागळे इस्टेटमधल्या एका पॅनेलच्या कारखान्यात लागले, तिथे हे आकडे तोंडपाठ असावे लागत. एकशेवीसला साठचा असायला हवा, तो सत्तरचा का, असं मी विचारलं होतं. उत्तर मिळालं, साठचं माप बाजारात नाही. मग दीडशेलाही सत्तरचाच कसा, यावर उत्तर मिळालं नाही, चहा मिळाला.

आपल्याकडे मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन आणि पेशवाईतले शहाणेही साडेतीन. त्यातले अर्धे शहाणे नाना फडणवीस. तलवारीचं अंग नाही म्हणून अर्धे, पण कारभार ओढला त्यांनीच. केबलमधल्या अर्ध्या कोरकडे बघताना मला नेहमी नाना आठवतात.

हे अर्धं माप कुणी चोरी म्हणून आणलेलं नाही, हे आधी सांगायला हवं. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत ठाण्यात वागळे इस्टेटला उभी राहिली. लेथ, प्रेस, कॉम्प्रेसर, हॉइस्ट. सगळ्या थ्री-फेज मोटरी. मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये न्यूट्रलला जागाच नसते. तीन फेज एकमेकींचा करंट परतवतात आणि काम भागतं. न्यूट्रल लागायचा तो ऑफिसातले दिवे, पंखे आणि सुपरवायझरच्या केबिनमधल्या एखाद्या एसीपुरता. हे सिंगल-फेजचं लोड तीन फेजवर सारखं वाटलं की त्याचाही बहुतेक भाग एकमेकांत जिरतो. उरतो तो फरक, आणि तेवढाच न्यूट्रलमधून ट्रान्सफॉर्मरकडे परत जातो. मग पूर्ण मापाचं अॅल्युमिनियम घालून करायचं काय? अर्धा कोरही जास्तच व्हायचा. डोंबिवली एमआयडीसीतल्या प्रोसेस हाउसमध्ये जुन्या केबल बदलताना न्यूट्रल असा कोरा करकरीत निघालेला मी पाहिला आहे की जणू त्यातून कधी काही गेलंच नाही. मोटरींच्या फीडरवर खरोखरच गेलेलं नसतं.

वागळे इस्टेट मात्र तशी राहिली नाही. कारखाने गुजरातला गेले, भिवंडीला गेले, काही बंद पडले. त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, आणि जुन्या गाळ्यांच्या इमारतींत मशीनशॉपच्या डोक्यावर कॉम्प्युटरवाले येऊन बसले. अशाच एका इमारतीतून बोलावणं आलं. तक्रार अशी होती की तिसऱ्या मजल्याच्या इलेक्ट्रिकल रूममध्ये दुपारनंतर जळका वास येतो, पण ब्रेकर पडत नाही. त्यांच्या माणसाने आधीच निदान करून ठेवलं होतं, "मॅडम, ब्रेकर पडत नाही म्हणजे ओव्हरलोड नाही. वास बाहेरून येत असेल." बाहेर नाला होता, त्यामुळे त्याच्या बोलण्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही.

पॅनेलचं झाकण काढलं. टीपीएन पद्धतीचं, म्हणजे तीन फेज ब्रेकरमधून आणि न्यूट्रल थेट लिंकवर. टेम्परेचर गन फिरवली तर फेजचे लग, म्हणजे केबलच्या टोकाचे धातूचे जोड, पन्नाशीच्या आसपास, न्यूट्रलचा नव्वदीच्या पुढे. त्याच्यावरची काळी स्लीव्ह आक्रसून मागे सरकली होती आणि तिच्या खालून इन्सुलेशनची तपकिरी झालेली कड दिसत होती. टाँग टेस्टर लावला. आरवर ११० अँपिअर, वायवर १२०, बीवर १०५. इतकं समतोल लोड ठाणे-कल्याणमध्ये क्वचितच बघायला मिळतं. या तीन आकड्यांवरून न्यूट्रलचा हिशेब सोपा आहे: तिघांचे वर्ग करून बेरीज, त्यातून दोन-दोघांचे गुणाकार वजा, उरलेल्याचं वर्गमूळ. येतात जेमतेम १३ अँपिअर. टाँग टेस्टरचा जबडा न्यूट्रलवर सरकवला तर काटा, म्हणजे आकडा, १२५ वर जाऊन बसला.

माझ्याबरोबर आमच्या कारखान्यातले जुने वायरमन होते, त्यांना सगळे मामा म्हणत. मामांना वाटलं, मी चुकून फेजच पकडली. त्यांनी स्वतः हाताने काळी वायर शोधून दाखवली आणि पुन्हा मापायला लावलं. पुन्हा १२५. मग मी मीटरचं हर्ट्झचं बटण दाबलं. फेजवर ५० दाखवणारा तोच मीटर न्यूट्रलवर १५० दाखवू लागला. मामा म्हणाले, "मीटर बिघडला."

मीटर बरोबर होता. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायला करंट घ्यायची एक खोड असते. लाट चढते-उतरते तसा तो सावकाश घेत नाही. लाटेच्या माथ्यावर एकदम ओरबाडतो आणि बाकी वेळ गप्प बसतो. अशा टोकदार करंटची फोड केली की त्यात ५० हर्ट्झच्या मूळ लाटेबरोबर १५० हर्ट्झची, म्हणजे तिसरी हार्मोनिक निघते. आर, वाय आणि बी एकमेकींपासून १२० अंशांवर असतात, म्हणून त्यांच्या मूळ लाटा न्यूट्रलमध्ये एकमेकींना खोडतात. तिप्पट वारंवारतेला तो १२० अंशांचा फरक ३६० होतो, म्हणजे फरकच उरत नाही. तिन्ही फेजची तिसरी हार्मोनिक एकाच वेळी न्यूट्रलमध्ये उतरते आणि तिथे बेरीज होते. लोड कितीही सारखं वाटा, ही बेरीज काही टळत नाही. फेजमध्ये चाळीसेक अँपिअर तिसरी हार्मोनिक असली की न्यूट्रलमध्ये सव्वाशे.

केबल सत्तरची होती, न्यूट्रल अर्थातच पस्तीसचा. पस्तीस चौरस मिलिमीटर अॅल्युमिनियमची ऐपत मोकळ्या हवेत शंभर-एकशेदहाच्या घरात, आणि ही केबल तर शाफ्टमध्ये इतर पाच-सहा केबलींच्या गर्दीत उभी. शिवाय निम्मं माप म्हणजे दुप्पट रोध. त्या न्यूट्रलमध्ये एकेका फेजच्या जवळपास अडीचपट उष्णता निघत होती. आणि ब्रेकरला त्यातलं काहीच दिसत नव्हतं, कारण ब्रेकर फेजवर बसलेला. त्याच्या मते सगळं आलबेल.

साधा, स्वस्तातला टाँग टेस्टर असता तर त्याच्या आकड्यांवर असा भरवसा ठेवता आला नसता. तो लाट गुळगुळीत आहे असं गृहीत धरून गणित करतो. आमच्या धंद्यात ट्रू आरएमएस मीटर घ्यायला लोक अजून कचरतात, आणि मग न्यूट्रल ठीक असल्याचा रिपोर्ट देऊन मोकळे होतात.

पुढचे काही दिवस सल्ल्यांचे गेले. एकाने कपॅसिटर बँक वाढवायला सांगितलं. कपॅसिटर पॉवर फॅक्टर सुधारतो, पण हार्मोनिकचा बंदोबस्त त्याच्याने होत नाही, उलट वारंवारता जुळली तर तो ती वाढवतो. दुसऱ्याने सांगितलं, जुन्या केबलच्या बाजूने न्यूट्रलची एकच जादा सिंगल-कोर खेचा. हे ऐकायला स्वस्त वाटतं. पण आर्मर्ड केबलच्या बाहेरून, लोखंडी ग्लँड प्लेटच्या वेगळ्या भोकातून एकटा न्यूट्रल नेला की त्याच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र खोडायला जवळ कोणी नसतं, आणि ती प्लेटच तापू लागते. परतीची वाट जाणाऱ्या वाटांच्या सोबतच हवी. तिसरा सल्ला एका विक्रेत्याचा होता: थेट दोनशे टक्के न्यूट्रल. या लोकांची गंमत वाटते. काल अर्ध्याने भागत होतं, आज दुपटीशिवाय गत्यंतर नाही, आणि मधे कोणी मापून बघितलेलं नाही.

आंतरराष्ट्रीय नियमावलीत, म्हणजे आयईसी ६०३६४ मध्ये, यासाठी एक छोटासा तक्ता आहे. फेज करंटमध्ये तिसरी हार्मोनिक १५ टक्क्यांपर्यंत असेल तर नेहमीसारखं माप घ्या. १५ ते ३३ टक्के असेल तर न्यूट्रल फेजइतकाच घ्या आणि केबलची ऐपत ०.८६ ने गुणून कमी धरा, कारण आता तीनऐवजी चार कोर तापताहेत. ३३ च्या वर गेली की माप फेजवरून ठरवायचंच नाही, न्यूट्रलच्या करंटवरून ठरवायचं. ४५ पर्यंत तोच ०.८६ लावून, आणि त्याच्या वर तो न लावता, कारण तेव्हा न्यूट्रलच्या मानाने फेज कोर थंड असतात. आमची केस ३३ ते ४५ च्या पट्टीतली. १२५ ला ०.८६ ने भागलं, १४५ अँपिअर. शाफ्टमधल्या गर्दीची वजावट धरून चार कोर पंचाण्णवची केबल निघाली, चारही कोर सारखे. मालकाने एकच प्रश्न विचारला, की फेज तर ११० चालताहेत, मग पंचाण्णवची केबल कशाला. मी त्याला न्यूट्रलचा उतरवलेला लग हातात दिला. अॅल्युमिनियम निळसर-करडं पडलं होतं आणि बोल्टच्या भोकाभोवती खरपुडी धरली होती. पैसे निघाले.

डोंबिवली पूर्वेच्या एका सोसायटीचं प्रकरण याच्या नेमकं उलट निघालं, म्हणून ते सांगते. चार मजली, दोन विंगांची जुनी इमारत, मीटर रूम जिन्याखाली. जुलैतली रात्र. काही घरांत ट्यूब लुकलुकत विझल्या आणि पंखे मेल्यासारखे फिरू लागले. त्याच वेळी वरच्या मजल्यावर टीव्ही, फ्रिज, राउटर एकापाठोपाठ एक गेले. कोणी म्हणालं वीज पडली, कोणी म्हणालं लाईटवाल्यांनी डबल व्होल्टेज सोडलं. सकाळी सोसायटीचे चेअरमन काका जळालेल्या वस्तूंची यादी घेऊनच बसले होते.

न्यूट्रल सुटला होता. तो असतो तोवर प्रत्येक घराला आपापल्या फेजपासून २३० मिळतात. तो गेला की घरं न्यूट्रलच्या तुटक्या टोकाला एकमेकांशी जोडली जातात आणि दोन फेजमधले ४०० व्होल्ट आपसांत वाटून घेतात. वाटणी उलटी होते. ज्या फेजवर लोड जास्त तिला कमी, जिच्यावर कमी तिला जास्त. म्हणजे ज्याने रात्री फक्त टीव्ही आणि राउटर चालू ठेवला, त्याच्याच घरात तीनशेच्या वर गेलं. एसी लावून झोपलेल्यांचं तुलनेने निभावलं. हे सोसायटीच्या सभेत समजावून सांगणं फार अवघड आहे. वीज कमी वापरणाऱ्याचंच नुकसान का, याला नैतिक उत्तर नाही.

सगळ्यांचा पहिला संशय केबलच्या मापावर होता. पन्नासची केबल, पंचविसाचा न्यूट्रल. मी संध्याकाळी सात ते अकरा मीटर रूममध्ये स्टूल टाकून बसले आणि दर थोड्या वेळाने आकडे लिहीत राहिले. सर्वांत वाईट वेळी आरवर ८५, वायवर ४०, बीवर ३०. न्यूट्रल हिशेबाने ५१, प्रत्यक्षात साठीच्या आसपास. पंचविसाचा कोर तेवढं सहज पेलतो. इथे माप दोषी नव्हतं, जोड दोषी होता. अॅल्युमिनियमचा लग पितळी टर्मिनलवर सरळ आवळलेला, मधे बायमेटॅलिक काही नाही. त्यात ओल आणि २००५ च्या जुलैत या खोलीत शिरलेलं पाणी. पांढरी भुकटी साचत साचत एक दिवस संपर्क तुटला. लोड वाटतानाही फ्लॅटची संख्या मोजून तिन्ही फेजवर वाटलं होतं. बिल्डरच्या काळात ते बरोबर होतं. नंतर एसी कोणाच्या घरी आले, हे फेजला कोण विचारतो?

न्यूट्रलला फ्यूज का नाही, हा प्रश्न सभेत एका निवृत्त बँकवाल्यांनी विचारला. प्रश्न चांगला होता. १९५६ च्या विद्युत नियमांपासून आपल्याकडे मनाई आहे: न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज किंवा एकटा स्विच बसवायचा नाही, तोडायचा तर फेजबरोबर एकदमच. कारण न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला की त्या रात्री जे घडलं तेच घडणार. जुन्या लाकडी बोर्डांवर न्यूट्रललाही किटकॅट फ्यूज लावलेला मी डोंबिवलीत पाहिला आहे, आणि प्रत्येक वेळी तो काढून सरळ तार जोडली आहे. त्यामुळे न्यूट्रलवर पहारा कोणाचाच नसतो. त्याचं माप आणि त्याचा जोड, एवढंच काय ते संरक्षण.

ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला गोंधळ वेगळाच असतो. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात वितरण २२ केव्हीवर चालतं. बाकी महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी ११. मोठ्या सोसायटीला ६३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर बसतो, वर डेल्टा, खाली स्टार, खालचं व्होल्टेज ४३३. भागाकार केला की प्रत्येक फेजला ८४० अँपिअर. स्टारच्या मधल्या बिंदूतून न्यूट्रल निघतो, आणि तिथूनच दोन वाटा फुटतात. एक बसबारमधून पॅनेलकडे, दुसरी पट्टीने जमिनीतल्या अर्थ पिटकडे. कॉन्ट्रॅक्टर या दोन्हीला न्यूट्रलच म्हणतात आणि दोन्हीला एकच माप लावायला बघतात. पहिलीचं माप रोजच्या लोडवरून ठरतं, दुसरीचं फॉल्टच्या एका सेकंदावरून. इम्पीडन्स पाच टक्के धरला तर फेज-अर्थ फॉल्टला ८४० भागिले ०.०५, सुमारे १६,८०० अँपिअर. जीआयची पट्टी एका सेकंदाला चौरस मिलिमीटरमागे ८० अँपिअर सोसते, म्हणजे २१० चौरस मिलिमीटर हवेत. पन्नास बाय सहाची पट्टी ३०० ची होते, आणि अशा दोन, दोन वेगळ्या पिटांना. रोज तिच्यातून जवळपास काहीच जात नाही. एकदा एका साइटवर तीच पट्टी पंचवीस बाय तीनची घातलेली सापडली, कारण मापून बघताना "करंटच नव्हता."

तिसरी हार्मोनिक इथवर आली की डेल्टात अडकते. तिन्ही वाइंडिंगमध्ये गोल फिरत राहते, २२ केव्हीच्या लाईनवर जात नाही. वीज कंपनीच्या दृष्टीने चांगली गोष्ट. ट्रान्सफॉर्मर मात्र फिरणाऱ्या करंटने तापतो, आणि मग सोसायटीवाले म्हणतात, लोड तर ७० टक्केच आहे, तेल एवढं गरम का?

घरातलं लोडही आता कॉम्प्युटरच्याच जातीचं झालं आहे. लोडशेडिंगच्या वर्षांत डोंबिवलीत घरोघरी इन्व्हर्टर आले. वीज परत आली की सगळ्या बॅटऱ्या एकदम चार्ज व्हायला लागत आणि न्यूट्रलचा आकडा उडी घेई. मग एलईडी आले. २५ वॅटपर्यंतच्या दिव्यांना आंतरराष्ट्रीय मानकाने तिसऱ्या हार्मोनिकची सूट मूळ करंटच्या ८६ टक्क्यांपर्यंत दिलेली आहे. ऐकून धडकी भरते, पण एका दिव्याचा करंटच मिलिअँपिअरमध्ये, त्यामुळे मी त्याचा फार बाऊ करत नाही. मला जास्त काळजी गच्चीवरच्या सोलरची वाटते. सिंगल-फेजचे इन्व्हर्टर बसवणारा ज्या फेजवर सोय असेल तिथे जोडून जातो. चार घरांचे सोलर आरवर आले की भर दुपारी आर ट्रान्सफॉर्मरकडे वीज परत ढकलते आणि वाय-बी खेचत असतात. न्यूट्रलचा सर्वांत वाईट तास पूर्वी रात्री नऊचा असायचा. आता तो दुपारी एकलाही असू शकतो, आणि तेव्हा मापायला कोणी जात नाही.

सध्या कल्याण पश्चिमेच्या एका रीडेव्हलपमेंटचं काम हातात आहे. कन्सल्टंटच्या ड्रॉइंगमध्ये ट्रान्सफॉर्मरपासून शेवटच्या पंपापर्यंत सगळीकडे साडेतीन कोर. मी लोडची यादी मागितली, तर फ्लॅटच्या जाहिरातीचं पत्रक आलं. त्याच्यावरूनच हिशेब केला: प्रत्येक बेडरूमला एसी, पार्किंगमध्ये गाड्यांचे चार्जर, खाली दुकानं आणि एक कोचिंग क्लास. दोन मीटिंगा खडाजंगीत गेल्या. शेवटी ठरलं ते असं: मेन पॅनेलचा न्यूट्रल बसबार फेजइतका, घरांच्या रायझरला चार सारखे कोर, सोलर तिन्ही फेजवर वाटून आणि कुठला कुठे ते मीटर रूमच्या दारामागे लिहून. लग बायमेटॅलिक, आणि पावसाळ्याआधी दरवर्षी आवळणी, याचा सोसायटीच्या कराराला जोडलेला कागद वेगळा.

पंप, लिफ्ट आणि फायर पंपाच्या केबल मात्र साडेतीन कोरच्याच राहू दिल्या आहेत. मोटरी आहेत त्या. लिफ्टच्या कारमधला दिवा आणि पंखा सोडला तर त्या न्यूट्रलला काही काम नाही.